काचेच्या पेटीपाशी



घरात मूल जन्मले म्हणजे त्याची वार्ता पेढ्यांसह येते. परंतु आम्हा धर्मगुरूंना दुसऱ्या तऱ्हेची वार्ताही वारंवार ऐकावी लागते. ती बहुधा रात्री येते, फोनवर येते, आणि सांगणाऱ्याचा आवाज खाली गेलेला असतो: "फादर, बाळाला काचेत ठेवलंय. प्रार्थना करा."

प्रार्थना आम्ही करतोच. परंतु त्या फोनमागे आणखी एक प्रश्न असतो, जो तोंडाने विचारला जात नाही: "आता आम्ही काय करायचं?" डॉक्टरांना त्यांचे काम आहे, सिस्टरांना त्यांचे आहे, यंत्रांनासुद्धा आहे. ज्यांचे मूल आहे त्या आईबापांनाच तेवढे काही काम नाही, अशी त्यांची समजूत होऊन बसते. ही समजूत खरी नव्हे, आणि ती बाळास अपायकारकही आहे, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

प्रथम त्या पेटीविषयी थोडे सांगू, कारण ज्या वस्तूचे कारण कळते तिची भीती निम्मी होते. सदतीस आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या मुलास अपुऱ्या दिवसांचे म्हणतात. अशा मुलाच्या कातडीखाली चरबी फार थोडी असते. म्हणून त्याची ऊब पाहता पाहता निघून जाते. त्याची फुफ्फुसे तयार झालेली नसतात. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे ही तीन कामे एका लयीत करणे त्याला सुमारे चौतिसाव्या आठवड्यापर्यंत नीट साधत नाही. काचेची पेटी ऊब देते. नाकातली नळी हलक्या दाबाने हवा आत ठेवते. तोंडातून किंवा नाकातून पोटात गेलेली बारीक नळी दूध पोचवते. पायाला बांधलेला लाल दिवा रक्तातील प्राणवायू मोजतो. निळा प्रकाश काविळीसाठी असतो. यंत्र वाजू लागले म्हणजे बापाचा जीव उडतो. परंतु पुष्कळदा बाळाने पाय हलविला आणि पट्टी सरकली, एवढेच झालेले असते. त्याचा निवाडा सिस्टरवर सोपवावा. आणि जे कळले नाही ते विचारावे. विचारणे हा उद्धटपणा नव्हे.

आता एका बापाची हकिकत सांगतो. तो बाप साधासुधा नव्हता. अमेरिकेचे पहिले कॅथोलिक राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचे नाव आपल्या वडीलधाऱ्यांनी ऐकलेले आहे. त्यांचा पॅट्रिक नावाचा मुलगा ७ ऑगस्ट १९६३ रोजी सुमारे साडेपाच आठवडे लवकर, शस्त्रक्रिया करून जन्मास आला. वजन दोन किलोंहून थोडे अधिक, म्हणजे फार लहान नव्हे. परंतु श्वास लागेना. तेथल्या लष्करी तळावरील धर्मगुरूंनी त्याला तात्काळ स्नानसंस्कार दिला आणि मोटारीने त्याला बोस्टन शहरातील मुलांच्या रुग्णालयात नेण्यात आले. आई जॅकलीन शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर होती. तिला मागे राहावे लागले. डॉक्टरांनी शेवटी त्या बालकास अधिक दाबाचा प्राणवायू भरलेल्या पोलादी कोठीत ठेवून पाहिले. ९ ऑगस्टच्या पहाटे चार वाजून चार मिनिटांनी ते गेले. त्याचे आयुष्य अवघे एकोणचाळीस तासांचे ठरले. दुसऱ्या दिवशी कार्डिनल कुशिंग यांनी अंत्यविधीची मिस्सा अर्पण केली, तीसही आई हजर राहू शकली नाही.

जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राचा प्रमुख त्या रात्री रुग्णालयात इतर कोणत्याही बापासारखाच बसून होता. त्याच्या हाती सैन्य होते, खजिना होता. परंतु मुलाच्या छातीत एक श्वास घालण्याचे सामर्थ्य नव्हते. आपल्या शेतकरी आणि गवंडी बापांनी हे ध्यानात ठेवावे. "माझ्याकडे पैसा असता तर," असे म्हणून पुष्कळजण स्वतःस जाळीत राहतात. त्या काळी पैशाने मिळण्याजोगा उपायच नव्हता.

कारण मात्र ठाऊक झालेले होते. आपल्या फुफ्फुसांत असंख्य सूक्ष्म पिशव्या असतात. श्वास सोडताना त्या मिटून एकमेकींस चिकटू नयेत म्हणून शरीर साबणासारखा एक पदार्थ तयार करते. तो अपुऱ्या दिवसांच्या मुलात कमी पडतो, हे डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी त्याच बोस्टन शहरात १९५९ साली दाखविले होते. उपाय पुढे आले. सतत दाबाने हवा देण्याची पद्धत डॉ. ग्रेगरी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. बाळंतपण लवकर होण्याची भीती असल्यास आईलाच इंजेक्शन देऊन गर्भाची फुफ्फुसे पक्व करण्याची रीत न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ मध्ये मांडली. तो साबणासारखा पदार्थ बाहेरून फुफ्फुसात घालण्याचा प्रयोग जपानमध्ये डॉ. फुजिवारा यांनी १९८० मध्ये यशस्वी केला. आज पॅट्रिकएवढे मूल चांगल्या रुग्णालयात वेळेवर पोचले तर बहुधा वाचते. म्हणून गरोदर स्त्रीस दिवस भरण्याआधीच कळा आल्या, पाणी गेले किंवा अंगावरून रक्त गेले, तर सकाळची वाट न पाहता तिला मोठ्या रुग्णालयात न्यावे. पोटातले मूल हलविणे हे जन्मलेले मूल हलविण्याहून पुष्कळ सुरक्षित असते.

येथवर डॉक्टरांचे काम झाले. आता आईबापांचे.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या बोगोटा या राजधानीत १९७८ साली डॉ. एडगर रे यांच्यापुढे एक अडचण होती. बाळे पुष्कळ, पेट्या थोड्या. एकेका पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत आणि एकाचा रोग दुसऱ्यास होई. तेव्हा त्यांनी बाळे आयांच्या उघड्या छातीवर, कातडीस कातडी लागेल अशी, उभी बांधून ठेवण्यास आरंभ केला. कांगारू नावाचा प्राणी आपले पिलू पोटाच्या पिशवीत वाढवितो, त्यावरून या रीतीस कांगारू पद्धत म्हणतात. गरिबीतून निघालेली ही युक्ती श्रीमंतांच्या यंत्रास पर्याय म्हणून आली. परंतु पुढे जे दिसले त्याने डॉक्टरही चकित झाले.

आपल्या भारतासह घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेने याची पद्धतशीर परीक्षा घेतली. एक किलो ते एक किलो आठशे ग्रॅमच्या आत वजनाची ३,२११ बाळे होती. निम्म्यांस जन्मल्याबरोबर आईच्या किंवा घरच्या दुसऱ्या माणसाच्या छातीशी ठेवले, दिवसाचे सुमारे सतरा तास. उरलेल्यांस नेहमीच्या रीतीप्रमाणे प्रथम पेटीत ठेवून, प्रकृती स्थिरावल्यावर छातीशी दिले. अठ्ठावीस दिवसांत दुसऱ्या गटातील शंभरांपैकी सुमारे सोळा बाळे दगावली, पहिल्या गटातील बारा. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. हे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले, आणि २०२२ मध्ये त्या संघटनेने अशा बाळांना जन्मल्याबरोबर छातीशी घ्यावे अशी शिफारस केली. वाचकहो, शंभरांत चार लेकरे! आणि औषध कोणते? आईची छाती.

आमच्या धर्मग्रामातील एका जोडप्याची गोष्ट येथे सांगावीशी वाटते. नावे सांगत नाही. सून एकतीस आठवड्यांची गरोदर असता तालुक्याच्या गावी तिची शस्त्रक्रिया झाली. मूल १,३५० ग्रॅमचे. रुग्णवाहिकेने ते बेळगावास गेले आणि आई तालुक्यासच राहिली. आई एका गावी, मूल दुसऱ्या गावी, आणि बाप दोहोंच्या मध्ये, असे तीन दिवस गेले. तो बाप जिन्यात बसून राही. सही करायला बोलावले की आत जाई, सही करून पुन्हा जिन्यात येई. "माझा तिथे काय उपयोग, फादर?" असे त्याने आम्हांस विचारले.

घरी त्याची आजी होती. जुन्या वळणाची, श्रद्धाळू, आणि घरातील शेवटचा शब्द तिचा. तिचे म्हणणे असे, की ओली बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर काढायची नाही. आणि मूल अंगावर नसताना दूध काढून काय करायचे? शिवाय हलक्या आवाजात ती म्हणाली, "सातव्या महिन्याचं जगतं फादर, आठव्याचं जगत नाही. देवाची इच्छा."

आम्ही तिच्यापाशी बसलो. म्हटले, "आजी, महिन्यांचा हा हिशेब उलटा आहे. पोटात जितके दिवस अधिक, तितके मूल बळकट. आठव्याचे सातव्याहून अधिक जगते. आणि देवाची इच्छा काय ते तुम्ही आधीच ठरवू नका. तुम्ही मुलं वाढवलीत ती कशानं? उबेनं आणि दुधानं. डॉक्टर तेच मागतायत." आजी पुष्कळ वेळ बोलली नाही. मग तिने विचारले, "तिथं तिला बसायला गरम जागा आहे का?" आम्ही सांगितले, आहे. चौथ्या दिवशी ती स्वतः सुनेला घेऊन बेळगावास गेली.

पुढची हकिकत थोडक्यात सांगतो. पहिल्या दिवशी सुनेच्या हाताला दुधाचे थेंब लागले, वाटीचा तळही झाकला नाही. ती रडली. सिस्टरने ते थेंबसुद्धा टाकू दिले नाहीत. ते बाळाच्या तोंडात गेले. आठवड्याने नळीतून जाणारे सारे दूध आईचेच होते. बाळाचा श्वास स्थिरावल्यावर ते आईच्या छातीशी दिले. आई थकली की बाप सदरा काढून बसे. जिन्यात बसणाऱ्या त्या मनुष्यास आता काम होते. आणि एका दुपारी दोघेही जेवावयास गेले असता ते १,४०० ग्रॅमचे पणतवंड आजीच्या छातीशी होते. ती जपमाळ म्हणत होती, आणि यंत्रावरील आकडे तिला वाचता येत नसले तरी ते शांत आहेत हे तिला कळत होते. छत्तिसाव्या दिवशी बाळ १,८५० ग्रॅमचे होऊन घरी आले.

यातून आईबापांनी घेण्यासारखे जे आहे ते असे. दूध काढण्यास पहिल्या काही तासांतच आरंभ करावा, मूल जवळ असो वा नसो. दिवसारात्रीत आठ वेळा तरी, त्यातील एकदा रात्री. हात साबणाने धुवावेत, भांडे सिस्टर सांगतील तसे स्वच्छ असावे. पहिला पिवळा चीक कधीही फेकू नये. तो बाळाची पहिली लस समजावा. मध, गुळाचे पाणी, बाळगुटी यांपैकी काहीही देऊ नये. आईला दूध पुरेसे नसेल तर दूधपेढीची चौकशी करावी. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली अशी पेढी उघडली, आणि त्यानंतर देशात अनेक ठिकाणी त्या निघाल्या. छातीशी कधी घेता येईल ते डॉक्टरांना रोज विचारावे. मूल श्वासाच्या यंत्रावर असेल तर ते थांबा म्हणतील. तेव्हा थांबावे, परंतु दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावे. आईबापांनी आत येऊन बाळाच्या शुश्रूषेत भाग घ्यावा, असे भारत सरकारनेही २०१७ मध्ये मार्गदर्शक सूचना काढून सांगितले आहे. छातीशी घेता येत नसेल तर धुतलेला हात बाळाच्या डोक्यावर आणि पायांवर स्थिर ठेवावा व हळू बोलावे. तो आवाज त्याने पोटात ऐकलेला आहे.

खर्चाची चिंता असणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात बाळास औषधे, तपासण्या, रक्त व वाहन मोफत आहे. मूल घरी आले म्हणजे काम संपले असे नव्हे. ते अडीच किलोंचे होईपर्यंत किंवा स्वतःच हातपाय झाडून नको म्हणेपर्यंत छातीशी धरणे चालू ठेवावे. दोन किलोंहून कमी वजनाच्या किंवा चौतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्यावेत. फारच लहान मुलांचे याहून आधी. हे चुकल्याने वाचलेली मुले आंधळी झाली आहेत, आणि वेळीच उपाय केल्याने दृष्टी टिकलेली आहे.

आता शेजाऱ्यांस दोन शब्द. मूल काचेत आहे असे कळताच गावात कारणे शोधण्यास सुरुवात होते. ग्रहणात बाहेर गेली होती. शेवटपर्यंत शेतात राबली. कोणाची दृष्ट लागली. कोणत्या तरी पापाचे फळ. जन्मांध मनुष्यास पाहून शिष्यांनीही प्रभूला हेच विचारले होते की पाप याचे की याच्या आईबापांचे. आणि प्रभूने दोन्ही नाकारले. ज्या आईस टाके दुखत असताना दर तीन तासांनी दूध काढून पाठवायचे आहे, तिच्या डोक्यावर आणखी हे ओझे कशास? त्यापेक्षा तिच्या घरची गुरे पाहावीत, थोरल्या मुलास जेवू घालावे, रुग्णालयात डबा पोचवावा. आणि "कसं आहे?" असे दिवसातून दहा फोन करण्याऐवजी "उद्याचा डबा माझ्याकडे," असा एकच करावा.

स्नानसंस्काराविषयीही सांगणे अगत्याचे आहे. बाळाच्या जिवास धोका असेल तर धर्मगुरू येईपर्यंत थांबू नये. अशा वेळी कोणीही मनुष्य, ख्रिस्ती नसलेली परिचारिकासुद्धा, ख्रिस्तसभेचा जो हेतू आहे तो मनात धरून हा संस्कार देऊ शकते. सिस्टरची परवानगी घेऊन निर्जंतुक पाणी मागून घ्यावे. ते थोडेसेच, परंतु डोक्यावरून वाहील असे घालावे, आणि त्याच वेळी बाळाचे नाव घेऊन, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला स्नानसंस्कार देतो, असे म्हणावे. या सदरात आम्ही 'आम्ही' म्हणून लिहितो. परंतु तेथे 'आम्ही' चालत नाही, 'मी' असेच म्हटले पाहिजे. रोमने २०२० साली हे पुन्हा स्पष्ट केले आहे. नंतर धर्मग्रामात कळवून नोंद करावी. मूल बरे झाल्यावर उरलेला विधी देवळात होतो. पाणी मात्र पुन्हा घातले जात नाही.

आणि सर्व करूनही काही बाळे जातात. पॅट्रिक गेला, आमच्याही धर्मग्रामातील गेली आहेत. त्या आईबापांस "दुसरं होईल" असे कोणी म्हणू नये. दुसरे होईल, परंतु ते हे नसेल. मुलास नाव द्यावे, आईस ते हातात घेऊ द्यावे, तिला पाहावयाचे असेल तितका वेळ पाहू द्यावे. संस्काराविना मूल गेले म्हणून ज्यांना रात्री झोप येत नाही त्यांस आम्ही सांगतो: ख्रिस्तसभेच्या ईशज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने २००७ साली या प्रश्नाचा सविस्तर विचार प्रसिद्ध केला, आणि अशी बालके तारली जातील अशी आशा धरण्यास भक्कम आधार आहे असे म्हटले. स्नानसंस्कार देण्याचा आईबापांचा मनोदय होता अशा बालकाचा अंत्यविधी बिशपांच्या अनुमतीने देवळातून करता येतो. तेव्हा रात्रीच्या अंधारात गुपचूप पुरण्याची जी रीत काही ठिकाणी होती तिचे आता काहीच कारण नाही. धर्मगुरूंकडे यावे.

त्या आईच्या छातीशी बाळ तीन तास राहिले असेल किंवा तीस दिवस. त्याला जी ऊब मिळाली ती वाया गेलेली नाही. म्हणून ज्यांचे लेकरू आज काचेत आहे त्यांना आम्ही म्हणतो: जिन्यात बसू नका. हात धुवा, आत जा, आणि तुमच्या वाटचे काम मागून घ्या. ते दुसऱ्या कोणास करता येण्यासारखे नाही.

पवित्र मरिया, जिने आपल्या बाळास गव्हाणीत ठेवले, ती अशा सर्व मातांच्या जवळ असो.